दर लॉकला दोन लाख लिटर: केनेट-एव्हन कालव्यावर बोटीतला एक आठवडा

रेडिंगकरीण (धागाकर्ती)

गेल्या जूनमध्ये आम्ही सहा जणांनी दक्षिण इंग्लंडातल्या केनेट-एव्हन कालव्यावर सात दिवसांसाठी नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) भाड्यानं घेतली आणि ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून बाथमार्गे ब्रिस्टलला जाऊन परत आलो. आल्यापासून "कशी झाली ट्रिप?" या प्रश्नाला "मस्त!" एवढंच उत्तर देतेय, कारण खरं उत्तर लांबलचक आहे. आज वेळ आहे, लिहून टाकते.

आधी एक गैरसमज काढून टाका. हे अलेप्पीचं हाऊसबोट नव्हे. तिकडे आपण वेताच्या खुर्चीत बसतो आणि दुसरा कुणीतरी बोट चालवतो, मासे तळून आणून देतो. इथे चालवणारे आपण, तळणारे आपण आणि संडासाची टाकी किती भरली हे बघणारेही आपणच. आमच्यातली एक "चार पुस्तकं वाचून काढणार" म्हणून आली होती. तिची अकरा पानं झाली.

बोट पासष्ट फूट लांब आणि रुंदीला सात फुटांत दोन इंच कमी. चाळीतल्या खोल्या एकामागे एक जोडून आगगाडीचा डबा केलाय असं समजा. समोरून कुणी आलं की एकानं संडासात शिरायचं, मग दुसरा पुढे. एवढी अरुंद का, तर मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, जुन्या कालव्यांवरची लॉक (बोट चढवायचे-उतरवायचे हौद) सात फुटी आहेत, त्यांत मावली पाहिजे. आमच्या कालव्यावरची लॉक मात्र दुप्पट रुंद, दोन बोटी शेजारी शेजारी बसतील अशी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

चालवायला लायसन्स लागत नाही. बोटतळावरच्या माणसानं पाऊण तास शिकवलं आणि तो उतरून गेला. वेगमर्यादा ताशी चार मैल, म्हणजे काठावरून चालणारी आजी आपल्याला गाठते आणि वर हात हलवून पुढेही जाते. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, आणि तेही लगेच नाही, आपण घाबरून उलटा ढकलल्यावर. आमचा कॅप्टन (हे नाव त्यानंच घेतलं) एम-फोरवर ऐंशीनं गाडी हाकणारा माणूस. पहिल्या अर्ध्या तासात त्यानं तीन झुडपं आणि एका कोळ्याची काठी घेतली.

आता लॉक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कालव्याचं पाणी सपाट हवं, जमीन तर उताराची. म्हणून मध्ये मध्ये दगडी हौद बांधलेले असतात, दोन्ही टोकांना दारं. उतरायचं असेल तर भरलेल्या हौदात बोट घालायची, मागची दारं लावायची आणि पुढच्या दारांतल्या झडपा उघडायच्या. पाणी खालच्या बाजूला निघून जातं, बोट त्याबरोबर खाली बसते, मग पुढची दारं उघडून बाहेर. झडपा उघडायला एल आकाराचा लोखंडी पाना असतो. दारं ओकची, टनभर वजनाची. त्यांच्या लांब दांड्याला पाठ लावून, पाय रोवून रेटायचं. एकजण बोटीवर, बाकीचे काठावर मजूर.

आमच्यात एक आष्टीचा आहे, बीड जिल्ह्यातला. ग्रूपमध्ये त्याला दुष्काळीच म्हणतात, तो स्वतःही. ब्रॅडफर्डच्या पहिल्याच लॉकला हौद रिकामा होताना त्यानं तिथल्या स्वयंसेवक काकांना विचारलं, "हे पाणी किती?" काका म्हणाले, पन्नासेक हजार गॅलन. दुष्काळीनं फोन काढला, गुणाकार केला आणि गप्प झाला. मग म्हणाला, "सव्वादोन लाख लिटर. दहा हजारी टँकर धरला तर बावीस टँकर. आपण सहा जण पिकनिकला जावं म्हणून बावीस टँकर खाली सोडले."

त्या क्षणापासून ट्रिप त्याच्या ताब्यात गेली.

हौदात एक बोट घाला की दोन, पाणी तेवढंच जातं. त्यामुळे सोबतीला दुसरी बोट येत असेल तर थांबायचं, हा तिथला शिष्टाचारच आहे. पण लोक पाच-दहा मिनिटं थांबतात. दुष्काळी पाऊण तास थांबवायचा. पाना खिशात घालून काठावर बसायचा. कॅप्टन ओरडायचा, "अरे मागे कुणी नाहीये!" हा म्हणायचा, "येईल."

आणि यायचं कुणीतरी. खरं सांगते, आमची सगळी ट्रिप या वाट बघण्यात झाली. या थांब्यांमुळेच बोटीवर कायमची राहणारी एक नर्स भेटली. तिच्याकडे कायमचा धक्का नाही, म्हणून नियमानं एका जागी चौदा दिवसांहून जास्त राहता येत नाही, दर पंधरवड्याला बिऱ्हाड पुढे. सत्तरीचं एक जोडपं भेटलं, आजोबा सुकाणूवर आणि आजीबाई लॉकच्या दारावर, गेली वीस वर्षं हीच वाटणी. आमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून "तुमचं इंजिन बिघडलंय का" म्हणून चौकशीला आलेले एक गृहस्थ भेटले. त्यांना वरण-भात वाढला. दुसऱ्या दिवशी पुढच्या लॉकला ते आमची वाट बघत थांबले होते.

ब्रॅडफर्डचं लॉक उतरलं की बाथपर्यंत नऊ मैल एकही लॉक नाही. दोन्ही बाजूंना झाडी, आणि काठाला बांधलेल्या बोटींची रांग काही संपत नाही. त्यांच्याजवळून जाताना इंजिन अगदी मंद करायचं, नाहीतर आतल्या माणसाचा चहा सांडतो आणि तो खिडकीतून डोकं काढून जे बोलायचं ते बोलतो. वाटेत एव्हन नदी दोनदा ओलांडायची, एकदा एव्हनक्लिफला आणि एकदा डंडासला. दोन्ही दगडी जलसेतू, जॉन रेनीनं बांधलेले. डंडासवर मी बोटीच्या नाकावर बसले होते. खाली नदी, खालीच रेल्वेचे रूळ, आणि वरून आपण पाण्यातून चाललोय. कॉलेजात जलसेतूवर पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना.

पुढे क्लॅव्हर्टन. कालव्याला पाणी कमी पडतं म्हणून खालच्या एव्हन नदीतून ते वर चढवायची सोय इथे १८१३ साली सुरू झाली. नदीच्या प्रवाहावर फिरणारं अवाढव्य लाकडी पाणचक्र, त्यावर चालणारे पंप, आणि पाणी ४८ फूट वर. कोळसा नाही, वाफ नाही. आता रोजचं काम विजेचे पंप करतात, पण स्वयंसेवक काही दिवशी जुनं चक्र चालवून दाखवतात आणि नशिबानं आम्ही गेलो तो तसलाच दिवस. दुष्काळी तासभर हलला नाही. शेवटी म्हणाला, "नदीच नदीला उचलतेय." मग हळूच, "पण आधी नदी पाहिजे."

बाथमध्ये सहा लॉकची उतरण. त्यातलं एक १९७६ साली रस्त्याच्या कामासाठी दोन जुनी लॉक एकत्र करून केलेलं, १९ फूट ५ इंच खोल. आत उतरताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं, भिंती हिरव्या, ओल्या, आभाळ चौकोनी. इथे आमची फजिती झाली, ती सांगायला हवी. मागच्या दाराखाली दगडाचा उंबरा असतो. भरलेल्या हौदात तो दिसत नाही. उतरताना बोटीचं बूड त्या उंबऱ्यावर राहिलं तर मागचं टोक अडकतं आणि पुढचं पाण्याबरोबर खाली जात राहतं. बोटी बुडतात त्या अशा. भिंतीवर पांढरी रेघ असते, बोट तिच्या पुढे ठेवायची. कॅप्टन फोटोसाठी पोझ देत होता आणि बोट हळूहळू मागे सरकत होती. डॉक्टरीणबाईंनी (आमच्यातली सगळ्यात शांत व्यक्ती) जी किंकाळी फोडली ती बाथ ॲबेपर्यंत गेली असेल. झडपा तात्काळ बंद केल्या, बोट पुढे घेतली, बूड अजून उंबऱ्यावर टेकलं नव्हतं. त्या गडबडीत दुष्काळीच्या हातातला पाना पाण्यात. पुढच्या बोटीवाल्याकडे दोरीला बांधलेलं लोहचुंबक होतं, त्यानं दहा मिनिटांत काढून दिला. म्हणे आठवड्याला एक तरी निघतो.

शेवटच्या लॉकमधून बाहेर पडलो की नदी. इथून हिशोब वेगळा. कालवा म्हणजे गल्ली, नदी म्हणजे हमरस्ता, आणि तो रस्ता स्वतःच चालतो. प्रत्येक लॉकशेजारी बंधाऱ्यावरून पाणी कोसळत असतं, नांगर तयार ठेवावा लागतो, आणि पातळीच्या फळीवर पाणी लाल पट्टीत गेलं की हलायचं नाही.

आम्ही साल्टफर्डला असताना रात्रभर पाऊस झाला आणि पाणी लाल पट्टीत गेलं. दीड दिवस अडकलो. सात फुटी डब्यात सहा माणसं, बाहेर पाऊस, ओले मोजे स्वयंपाकघरात वाळत घातलेले. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत जे कधी बोललो नव्हतो ते त्या दीड दिवसात बोलून झालं. कॅप्टनला निघायचंच होतं कारण ब्रिस्टलला टेबल बुक केलं होतं. त्यावरून २००३ सालच्या महाबळेश्वर ट्रिपचे पैसे निघाले. मग लग्नाला कोण आलं नव्हतं ते. डॉक्टरीणबाईंनी पिठलं केलं. खाऊन सगळे झोपले. सकाळी फळीवरची लाल पट्टी उघडी पडली होती.

ब्रिस्टलविषयी थोडकंच. सेव्हर्नच्या मुखाशी भरती-ओहोटीचा फरक जगात मोठ्यांपैकी; पूर्वी ओहोटीला जहाजं चिखलात कलंडायची. म्हणून विल्यम जेसपनं १८०९ साली बंदराचं पाणी अडवून जहाजं कायम तरती ठेवली. नेदमला लॉककीपरकडे बंदराचा परवाना घेऊन आपली चिमुकली बोट त्या बंदरात शिरते तेव्हा छाती उगाचच फुगते. संध्याकाळी आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत जाऊन राजा राममोहन रॉय यांची समाधी पाहिली. १८३३ मध्ये ते या शहरात वारले; दहा वर्षांनी रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर यांनी त्यांच्यासाठी ही छत्री उभारली. इंग्रजी थडग्यांच्या गर्दीत आपल्याकडच्या घाटावर असावी तशी छत्री. आम्ही सहाही जण चिखलाच्या बुटांनी उभे होतो, कुणी काही बोललं नाही.

येताना तेच सगळं उलटं, चढण.

खर्च विचारणारच, म्हणून: भाडं सहा जणांत मिळून दोन हजार पौंडांच्या आसपास, डिझेल वेगळं.

---

कोथरूडवासी

जबरी! पण कालवा म्हटलं की मला २०१८चा सप्टेंबर आठवतो, मुठेचा उजवा कालवा फुटून दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरलेलं पाणी. तिकडचे कालवे फुटत नाहीत का?

रेडिंगकरीण

फुटतात, झिरपतात, सगळं करतात. एव्हनक्लिफ ते लिम्पली स्टोक हा तुकडा तर त्यासाठी बदनाम. डोंगराच्या कुशीतून गेलाय, जमीन सरकते. १९५०च्या दशकात तिथे पाणीच उरलं नाही, वर्षानुवर्षं कोरडा चर होता. पुढे काँक्रीटचं अस्तर घालून दुरुस्त केला. मुळात सगळा कालवाच मेला होता. १८१० साली पूर्ण झाला, १८५२ मध्ये रेल्वे कंपनीनंच विकत घेतला. आता रेल्वेवाला कालव्याची निगा कशाला राखेल? हौशी लोकांनी वर्गण्या काढून, चिखल उपसून परत जिवंत केला. १९९० मध्ये राणी आली उद्घाटनाला. ८७ मैल, १०५ लॉक. त्याचं दुसरं टोक माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि अठरा वर्षांत मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

नाखवा७२

ताई, शब्दांबद्दल. झडप, उंबरा हे आवडलं. पण "बोटीचं नाक" काय? नाळ म्हणा. पुढची ती नाळ आणि मागची ती वरामणे. आणि सुकाणूवर बसणाऱ्याला कॅप्टन नको, तांडेल म्हणा. अर्थात उंबऱ्यावर बोट घालणाऱ्याला आमच्या अलिबागकडे वेगळंच काही म्हणतात, ते इथे लिहीत नाही.

चकली_कडक

"२००३ सालच्या महाबळेश्वर ट्रिपचे पैसे" 😂😂 प्रत्येक ग्रूपमध्ये एक अशी ट्रिप असतेच. मिळाले का शेवटी?

रेडिंगकरीण

@नाखवा७२, नाळ! बरोबर. बदल करत नाही, तुमचा प्रतिसाद अनाथ होईल.
@चकली_कडक, नाही.

बर्मिंगहॅमचा बाळू

आमच्याकडे तीनदा झालंय हे. रुंद लॉकचं दुःख असेल तर दुष्काळीभाऊंना मिडलँड्सला पाठवा. सात फुटी लॉकला पाणी साधारण निम्मंच लागतं, सोबतीची वाट बघायची गरज नाही, कारण दुसरी बोट मावतच नाही. पण टार्डेबिगला नेऊ नका. सव्वादोन मैलांत ३० लॉक, एकामागे एक. आम्ही सकाळी सातला सुरुवात केली. बाराव्या लॉकला मेव्हण्यानं बोलणं बंद केलं, ते घरी पोचेपर्यंत.

नवख्यांना एकच सांगेन: मैल मोजू नका, लॉक मोजा. एक लॉक म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, आणि एक लॉक म्हणजे एक मैल, असा हिशोब धरला तर संध्याकाळी अंधारात खुंट्या ठोकत बसायची पाळी येत नाही. आणि सकाळी निघण्याआधी बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळचं झाकण उघडून बघा. आमच्या पंख्यात एकदा साडी निघाली होती. होय, साडी. बर्मिंगहॅम आहे.

कोथरूडवासी

@बाळू, साडीवर वेगळा धागा काढा.

अड्यारकर

चेन्नईत राहतो, म्हणून थोडं अवांतर. आमच्या इथून बकिंगहॅम कालवा जातो. आज नाकाला रुमाल लावून पूल ओलांडावा लागतो, पण एके काळी आंध्रापासून मीठ, लाकूडफाटा सगळं यावरून यायचं, आणि त्यावरही लॉक होती. त्यातला अड्यार आणि कूम नद्या जोडणारा तुकडा १८७७-७८च्या दुष्काळात कामं काढून खणवला. म्हणजे उपाशी माणसांनी खणलेला. दुष्काळीभाऊंना हे सांगा, किंवा नका सांगू.

माझं_मत_वेगळं

छान लिहिलंय, पण दोन हजार पौंड म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. तेवढ्यात सहा जणांचं अख्खं केरळ होतं, तेही विमानानं. आणि त्या भाईंचं पाणी-पाणी जरा अतीच वाटलं. ते काही पिण्याचं पाणी नाही, नदीचंच, समुद्राला जाणारं. इंग्लंडात पावसाला तोटा आहे का?

बर्मिंगहॅमचा बाळू

आहे. २०२५च्या उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा पट्टा बंद ठेवला होता, बाकीही अनेक ठिकाणी लॉकना कुलपं. लोकांची आगाऊ भरलेली बुकिंगं गेली. त्या कालव्याचं पाणी डोंगरमाथ्यावरच्या तलावांतून येतं. माथ्यावरचं आटलं की खाली नदी कितीही वाहो, बोट चिखलात.

रेडिंगकरीण

@माझं_मत_वेगळं, पैशांचं मान्य. पाण्याचं मान्य नाही. आम्ही परत आल्यावर गाडीनं याच कालव्यावरची डिव्हायझेसची केन हिल बघायला गेलो. दोन मैलांत २९ लॉक, त्यातली १६ तर पायऱ्यांसारखी सरळ रेषेत. तिथे तळाशी पंप बसवलेत, वापरलेलं पाणी परत माथ्यावर चढवायला. दिवसाला ३ कोटी २० लाख लिटर चढवायची त्यांची ताकद, म्हणजे दर अकरा मिनिटांनी एक लॉक भरेल एवढं. फुकट वाहणारं पाणी असतं तर एवढं विजेचं बिल कुणी भरलं असतं?

आजी_ऑनलाईन

बाळ, बोटीवर सोवळं-ओवळं राहू दे, पण आंघोळीचं काय करत होता गं सहा जण? आणि त्या टाकीचं?

रेडिंगकरीण

आजी, गरम पाणी इंजिन चालतं त्यावर तापतं, म्हणून बोट थांबली की आंघोळीला रांग. नळ सोडून उभं राहिलात तर मागचे दार वाजवतात. पिण्या-वापरायच्या पाण्याची टाकी आम्ही एक दिवसाआड भरत होतो, कालव्याकाठी नळ असतात, तासभर लागतो. आणि त्या दुसऱ्या टाकीचं म्हणाल तर बोटतळावर पंपानं उपसून देतात. परतीच्या वाटेवर एकदा करावं लागलं. वास येतो. एवढंच लिहिते, लोक जेवताना धागा वाचतात.

लंडनची_पाहुणी

राममोहन रॉय यांचा उल्लेख आला म्हणून: ज्यांनी ती छत्री बांधली ते द्वारकानाथ टागोर १८४६ मध्ये लंडनला वारले आणि केन्सल ग्रीनला पुरलेत. त्या दफनभूमीच्या अगदी मागून ग्रँड युनियन कालव्याचा पॅडिंग्टनचा फाटा जातो. म्हणजे दोघांनाही बोटीनं जाऊन भेटता येईल. मध्ये केनेट-एव्हन, थेम्स आणि ग्रँड युनियन. चार मैलांच्या वेगानं किती दिवस लागतील?

बर्मिंगहॅमचा बाळू

ब्रिस्टल ते रेडिंग १०५ लॉक, मग थेम्स, ब्रेंटफर्डला ग्रँड युनियनमध्ये शिरून हॅनवेलची चढण. रमतगमत तीन आठवडे धरा. दुष्काळीभाऊ सोबत असतील तर पाच.

दुष्काळी_भाऊ (नवीन सदस्य)

नमस्कार. हिनं मला न विचारता लिहिलं आहे, म्हणून खास नाव नोंदवून आलो.

१) पाना माझ्या हातून पडला नाही. कॅप्टननं फोटोसाठी मागून घेतला होता. माझ्याकडे फोटो आहे, त्यात पाना त्याच्याच हातात आहे.

२) @माझं_मत_वेगळं यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. नदीवरच्या लॉकचं पाणी तसंही बंधाऱ्यावरून जाणारच असतं, म्हणून ती मी हिशोबात धरत नाही. जाऊन-येऊन २६ लॉक झाली, त्यातली १२ नदीवरची. राहिली १४. त्यातल्या ११ वेळा आम्हाला सोबती मिळाला. दोन बोटींत वाटणी केली तर आमच्या वाट्याचे साधारण सव्वाशे टँकर वाचले. माझ्या लहानपणी गावात आठवड्याला दोन टँकर यायचे.

३) @अड्यारकर, सांगितलंत ते बरं केलंत. माझे पणजोबा रोजगार हमीच्याही आधीच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला होते. त्या वेळचा एक तलाव अजून आहे, यंदा भरला.

४) पुढच्या जूनला बाळूच्या सल्ल्यानं सात फुटी लॉकवर जायचं ठरतंय. सहावी जागा रिकामी आहे, कॅप्टन येत नाही म्हणतो. महाबळेश्वरचे पैसे आधी दिले तर विचार करीन, असं त्याचं म्हणणं. ते पैसे त्यानंच द्यायचे आहेत.